राघूचे पाच सेकंद

भिंगरीने तो कागद दोनदा वाचला आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर, वरच्या कडेला, पिवळा कागद चिकटवलेला होता. त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं— ‘राघू अपडेट करू नये. केल्यास माझ्याशी गाठ आहे!’

आता, एका उपचार केंद्राच्या कोपऱ्यातल्या जुनाट कॉम्प्युटरवर कोणी काय चिकटवावं, याच्याशी सव्वीस वर्षांच्या मुलीचं काय देणंघेणं? पण राघू तिचा होता. जन्म तिने दिला नव्हता, तरी गेली चार वर्षं वाढवला होता तिनेच. राघू म्हणजे एक छोटासा, फुकट मिळणारा प्रोग्रॅम. तो एक वाक्य दाखवतो, मोठ्याने म्हणतो आणि गप्प बसतो. तेवढ्यात ते वाक्य आपण म्हणायचं. मग तो टुणकन पुढच्या वाक्यावर. परकी भाषा शिकणाऱ्यांसाठी कोणा हौशी माणसाने तो लिहिला, सगळ्या जगाला खुला करून दिला आणि एक दिवस कंटाळून सोडून दिला. तेव्हापासून भिंगरी आणि आणखी दोघं त्याची देखभाल करत होते. कोणीही यावं, राघूचा कोड उघडून वाचावा, सुधारणा सुचवावी. कुठली घ्यायची आणि कुठली साभार परत करायची, हे या तिघांनी ठरवायचं. पगार शून्य, शिव्या भरपूर.

या चार वर्षांत राघूला कोणा अनोळखी माणसाच्या कामात असं प्रत्यक्ष तिने कधीच पाहिलं नव्हतं. आत्ता पाहिलं आणि क्षणभर तिला आभाळ ठेंगणं झालं... आणि लगेच तो कागद.

“हे कोणी लिहिलं?” तिने खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

“मी.”

मागे एक उंच तरुण उभा होता. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कानामागे पेन्सिल, आणि चेहऱ्यावर कसलीही घाई नसलेल्या माणसाचं निवांत हसू. केंद्राचा स्पीच थेरपिस्ट. मेंदूच्या झटक्यानंतर ज्यांची वाचा गेली, त्यांना पुन्हा बोलायला शिकवायचं हे त्याचं काम. सगळे त्याला ‘सावकाश सर’ म्हणत, कारण दर दोन मिनिटांनी तो कोणाला ना कोणाला “सावकाश...” म्हणत असे.

“का लिहिलं?”

“कारण नव्या राघूत कोणा शहाण्याने थांबायचं सेटिंग काढून टाकलंय. आधी राघू किती वेळ थांबणार ते आम्ही ठरवायचो. एक ते तीस सेकंद. आता सरसकट प... प...” तो थांबला. डोळे मिटून त्याने एक श्वास घेतला. “चार अधिक एक सेकंद. तेवढ्यात माझ्या लोकांचं तोंडसुद्धा उघडत नाही.”

“शहाणा म्हणे!”

“नाहीतर काय? असणार कोणीतरी खडूस म्हातारा. एकटा राहणारा. घरात एकच खुर्ची असलेला.”

“दोन आहेत,” भिंगरी म्हणाली.

“काय?”

“खुर्च्या. दोन आहेत माझ्या घरी.”

त्याला उमगायला जरा वेळ लागला. मग आधी कान लाल झाले, पाठोपाठ गाल. “म्हणजे तुम्हीच त्या... त्या...”

“राघूची देखभाल करणारी. हो, मीच.”

“त्या खडूस, असं म्हणणार होतो.” त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि तिच्या टोकाने भिंतीवरची पाटी दाखवली. पाटीवर लिहिलं होतं— ‘इथे कोणीही कोणाचं वाक्य पूर्ण करायचं नाही.’

शेजारच्या खुर्चीतून ‘हुं’ असा आवाज आला. मामा हसत होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

मामाबद्दल सांगायलाच हवं. आईवडिलांच्या सततच्या बदल्या, म्हणून भिंगरीची शाळेची सगळी वर्षं मामाच्या घरी गेली. ‘भिंगरी’ हे नावही त्याचंच. एका जागी ठरत नाही, बोलायला लागली की गरगर फिरत सुटते, म्हणून. मामा शिंपी. दुकानात त्याच्या तोंडाचा पट्टा मशीनच्या पट्ट्याहून जास्त फिरायचा. पण गिऱ्हाइकाला एक प्रश्न कधी विचारायचा नाही— कॉलर कशी हवी? खिसे किती? “दहा कॉलरी दाखवल्या, की माणूस अकरावी मागतो आणि घरी जाऊन रडतो,” असं त्याचं म्हणणं. तो नुसता माणसाकडे बघायचा. कसा उभा राहतो, खांदा कुठे झुकतो, हात कुठे जातो. एकदा मनात माप बसलं, की कापायच्या टेबलावर पंजा आपटायचा— धप्प!— आणि कात्री उचलायचा. त्याने शिवलेला कपडा कधी परत आला नाही.

आणि तीन महिन्यांपूर्वी डोक्यातल्या एका बारीकशा शिरेने दगा दिला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. मामीचे गुडघे आता घराबाहेर पडू देईनात, म्हणून दर बुधवारी त्याला केंद्रात आणायचं काम त्या आठवड्यापासून भिंगरीकडे आलं. घरी मामा काही बोलायला तोंड उघडायचा, ओठ हलायचे... आणि भिंगरी घाईने विचारायची, “पाणी हवं? उशी देऊ? पंखा लावू?” मामा तिच्याकडे बघत राहायचा. मग मान हलवायचा आणि निमूट पाणी प्यायचा.

त्या दिवशी मामाचा सराव झाल्यावर भिंगरी आणि सावकाश सर यांची चांगलीच जुंपली.

“आम्ही विचारलं होतं!” भिंगरी म्हणाली. “फोरमवर महिनाभर प्रश्न ठेवला होता— हे सेटिंग कोणी वापरतं का? एकानेही उत्तर दिलं नाही.”

“माझ्याकडे आठ जण आहेत. एकालाही सध्या लिहिता येत नाही. बोलता येत नाही म्हणून तर इथे येतात. ते कुठून उत्तर देणार?”

“तुम्ही द्यायचं होतंत.”

“मला तुमचा फोरम कुठे असतो हेच माहीत नव्हतं. मी आठ माणसं सांभाळतो, फोरम नाही.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “महिनाअखेरच्या सोमवारी इथे नवे कॉम्प्युटर येतायत. त्यांच्यावर जुना राघू चालत नाही. त्या दिवसापासून हे आठ जण तुमच्या त्या चार अधिक एक सेकंदांच्या हवाली. एक सेटिंग, बाई. एकच.”

‘बाई’ हा शब्द तिला झोंबला. “सगळे एकच मागतात! मी आले तेव्हा राघूला एक्केचाळीस सेटिंग्ज होती. नवा माणूस उघडायचा आणि पळून जायचा. मी कापत कापत सहावर आणली. जो निर्णय आपल्याला घेता येत नाही, तो सेटिंग करून लोकांच्या गळ्यात मारायचा, हा भित्रेपणा आहे. आणि प्रत्येक नव्या सेटिंगने तपासायचं काम दुप्पट. ते कोण करणार?”

“झालं तुमचं?”

“झालं.”

“छान. मी तुमचं वाक्य मध्ये तोडलं नाही, लक्षात आलं का?”

भिंगरीने मामाची चाकांची खुर्ची वळवली आणि तरातरा निघाली. दारापाशी मात्र तिने मागे वळून पाहिलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी फोरमवर अर्ज हजर! नाव लिहिलेलं— ‘सावकाश’. विषय— ‘पाच सेकंदांत कोणाचं आयुष्य परत येत नाही.’

पुढे व्यवस्थित, परिच्छेद पाडून, पटवून दिलेलं पत्र. वाचता वाचता भिंगरी थबकली. पत्रात ‘पाच’, ‘परत’, ‘प्रयत्न’, ‘पण’ हे शब्द धडाधड येत होते. आणि प्रत्यक्षात? तिने कालचं सगळं संभाषण आठवून पाहिलं. ‘पण’ असा शब्द त्याच्या तोंडून एकदाही आला नव्हता.

तरीही तिने ठरलेलं उत्तर टाकलं. ‘आपल्या सूचनेबद्दल आभार. राघू साधा ठेवण्याच्या धोरणानुसार ही सूचना स्वीकारता येत नाही.’

खाली लगेच त्याचं उत्तर. ‘साधा कोणासाठी?’

‘सगळ्यांसाठी.’

‘सगळ्यांत माझे आठ जण धरलेत का? मोजून पाहा. मी थांबतो. मला सवय आहे.’

असं आठवडाभर चाललं. शेवटी देखभाल करणाऱ्या तिघांतल्या एकाने, म्हणजे मास्तरांनी, त्यात तोंड घातलं. मास्तर म्हणजे दूरच्या एका गावातले निवृत्त गणित शिक्षक. त्यांना तिने कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, ‘तुम्ही दोघं इथे भांडताय, की आणखी काही चाललंय? प्रत्येक उत्तराला माझा फोन वाजतो.’

भिंगरी एकटीच खोलीत बसून कानशिलापर्यंत लाजली. आणि पुढच्या बुधवारी जायची वेळ झाली, तेव्हा तिने उगाच दोनदा ओढणी बदलली.

“तुम्ही ‘पण’ कधीच म्हणत नाही,” केंद्रातल्या चहाच्या मशीनपाशी ती म्हणाली. खिडकीबाहेर पावसाची भुरभुर होती, काच धुरकटली होती.

त्याने तिच्याकडे चमकून पाहिलं. “आजवर कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.”

“‘पाणी’सुद्धा नाही. मघाशी इथल्या मदतनीस मावशींना म्हणालात, तो ग्लास भरून द्याल का?”

“त्या अक्षराशी माझं लहानपणापासून वाकडं आहे. बाकी सगळी अक्षरं मी शिकून, घोटून वळणावर आणली. हे एकच हट्टी. थकलो की आडवाटेने जातो.” तो पेल्यात बघत राहिला. “शाळेत हजेरीच्या वेळी सगळं ‘हजर’वर भागायचं. मात्र धडा वाचायची वेळ आली, की गुरुजी माझं वाक्य स्वतःच संपवून टाकायचे. दया येऊन. मुलं हसायची त्याचं काही वाटायचं नाही मला. त्या दयेचं वाटायचं.”

भिंगरीच्या ओठांवर तीन वाक्यं आली. तिन्ही तिने चहाबरोबर गिळली. तिच्यासारखीच्या बाबतीत हे केवढं मोठं, ते मामीला विचारा!

“तुम्हाला एक सुचवू?” तो म्हणाला. “आज मामांच्या सरावाला माझ्या खुर्चीत बसा. राघूला तीस सेकंदांवर ठेवतो. अट एकच. काहीही झालं तरी तुम्ही बोलायचं नाही.”

“हात्तिच्या! एवढंच?”

एवढंच ते तिला जन्मभराएवढं वाटलं.

मामासाठी त्याने राघूत वाक्यांच्या जागी साधे प्रश्न भरले होते. राघूने म्हटलं, ‘माझ्यासमोर कोण आहे?’ मामाने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ओठ हलले. काही आलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा टक टक पुढे सरकत होता. पाच सेकंद... नवा राघू केव्हाच पुढे निघून गेला असता. आठ. मामाच्या कपाळावर घाम आला. पाणी हवं असेल, उकडत असेल, त्रास होत असेल... तिने खुर्चीची कड घट्ट धरली. समोरून सावकाश सरने फक्त तळहात वर केला. थांब. बारा. पंधरा. मामाची मान ताणली गेली, डोळे तिच्यावरून हलेनात.

“भिं...”

सतरा.

“...ग...”

एकोणीस.

“...री.”

आणि मामाने डावा पंजा टेबलावर आपटला. धप्प!

भिंगरी रडली. तोंडावर दोन्ही हात घेऊन, लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडली. तीन महिने हा माणूस तिला हाक मारू बघत होता, आणि तीन महिने ती त्याला पाणी पाजत होती. सावकाश सरने रुमाल पुढे केला. तो घेताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली, आणि दोघांपैकी कोणीच हात मागे घ्यायची घाई केली नाही.

मामाने मात्र दोघांकडे आळीपाळीने बघून घेतलं. शिंप्याची नजर ती. वाचा गेली म्हणून माप घ्यायचं थोडंच थांबणार?

शनिवारी दुपारी भिंगरी केंद्रात आली ती छाती पुढे काढूनच. केंद्र बंद होतं. तो एकटाच कपाटं आवरत होता. तिने पेन ड्राइव्ह त्याच्यासमोर ठेवला.

“घातलं सेटिंग. एक ते तीस सेकंद. मास्तरांना आज कळवते, सोमवारच्या आत सगळं होईल. तुम्ही जिंकलात.”

तो खूश होईल, निदान हसेल, असं तिला वाटलं होतं. त्याने पेन ड्राइव्ह उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि तिच्या हातात दिला.

“नको.”

“काय?”

“तुमचं बरोबर होतं. हे सेटिंग नकोच.”

“अहो, दहा दिवस डोकं खाल्लंत माझं!”

“हो. म्हणून तर बुधवारनंतर बसून ही उघडली.” त्याने टेबलावरची वही तिच्याकडे सरकवली. पानापानावर आकडे. मामाच्या नावापुढे एकाच सकाळचे— बारा, सोळा, एकवीस, नऊ, अठरा, तीस. “दर दोन मिनिटांनी मी आकडा बदलतो. शब्द अवघड आला की वाढवायचा, सोपा आला की कमी करायचा. ते दमले की वाढवायचा. माझं बोट आकड्यावर, नजरही आकड्यावर. समोर माणूस बसलाय आणि मी राघूकडे बघतोय. बुधवारी राघूला तीसवर सोडून दिलं, म्हणून कित्येक दिवसांनी मी मामांच्या तोंडाकडे नीट बघितलं. आणि तीस तरी किती दिवस धरायचा? सोपा शब्द चटकन आला, की मग उरलेला वेळ बिचारे ताटकळत बसतात.”

“मग काय करायचं? पाच सेकंद ठेवायचे? मामाला?” तिचा आवाज चढला. “मी ठेवणार नाही. हवंच ते सेटिंग!”

“नको म्हणतोय मी.”

“हवं!”

“नको!”

आणि मग आपण काय करतोय, ते एकदमच दोघांच्या ध्यानात आलं. भिंगरी जी हसत सुटली, ती खुर्चीतच बसली. तोही कपाटाला टेकून हसत होता. हसताना त्याच्या उजव्या गालाला बारीकशी खळी पडते, हे तिला आज दिसलं. आधी बघायला सवड कुठे होती?

“माझं चुकलं कुठे सांगू?” हसू ओसरल्यावर ती म्हणाली. “मी मामाचं अर्धंच शिकले. गिऱ्हाइकाला विचारायचं नाही, हे शिकले. पण मामा विचारायचा नाही, कारण तो बघायचा. मी बघितलंच नाही कोणाकडे. खोलीत बसून पाच सेकंद कापून मोकळी झाले.” ती थांबली. “तुम्हाला आकडा माहीत नाही. मलाही नाही. मग बोलून झालं, हे कोणाला माहीत असतं?”

“ज्याचं त्याला.”

“बुधवारी मामाने माझं नाव घेतलं... आणि नंतर काय केलं?”

“टेबलावर हात आप...” तो थांबला.

या वेळी तो अडखळला नव्हता. दोघांचीही नजर एकदमच कीबोर्डवर गेली होती— सगळ्यात खालच्या, सगळ्यात लांब, पंजाएवढ्या कळीवर.

“सेकंदच नकोत,” भिंगरी कुजबुजली. “राघू बोलेल आणि गप्प बसेल. ज्याचं बोलून झालं, तो कळ दाबेल. धप्प! मग पुढचं वाक्य. दोन सेकंद लागोत नाहीतर दोन मिनिटं. आकडा नाही, सेटिंग नाही.”

“डाव्या हातानेही जमेल.”

“भाषा शिकणारे कुरकुर करतील. प्रत्येक वाक्याला एक कळ जास्त.”

“विचारून बघा तुमच्या मास्तरांना.”

तिघांपैकी दोघांची मान्यता असल्याशिवाय राघूत काही बदलत नसे. मास्तरांचं उत्तर अर्ध्या तासात आलं. भिंगरीने ते मोठ्याने वाचलं. ‘मान्य. एक सांगतो. मी रोज सकाळी राघूबरोबर एक परकी भाषा शिकतो. पाच सेकंदांत मलाही जमत नव्हतं. तुम्ही सगळे तरुण, म्हणून लाजेने बोललो नाही. आता फोरमवर भांडण थांबणार का? मला चुकल्यासारखं होईल.’

सोमवारी नवे कॉम्प्युटर आले. कोरे, चकचकीत, कागद न चिकटवलेले. मामीसुद्धा गुडघ्यांना शिव्या देत आली होती. आठ जण ओळीने बसले. सकाळभर खोलीत राघूचा आवाज, मग लांबलचक शांतता, मग एखादा तुटका शब्द... आणि धप्प! कधी या कोपऱ्यातून, कधी त्या. सावकाश सर हात मागे बांधून फिरत होता. आज त्याच्या बोटांना काही काम नव्हतं, आणि तो प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघत होता.

मामाने मामीचं नाव घेतलं. तेवीस सेकंद लागले. मामी म्हणाली, “चाळीस वर्षांत कधी नावाने हाक मारली नाहीत, आणि आता सुचतंय होय!” आणि पदराने डोळे पुसले.

दुपारी सगळे गेले. मामीने “आम्ही खाली बसतो गं, तू ये सावकाश,” म्हणून मामाची खुर्ची लिफ्टकडे ढकलली. ‘सावकाश’ या शब्दावर तिने जरा जास्तच जोर दिला. मामाचं काम होतं हे! वाचेशिवायही त्याने बायकोला सगळं सांगितलेलं दिसत होतं.

खोलीत दोघंच उरली. खिडकीतून तिरपं ऊन टेबलावर उतरलं होतं. जुन्या कॉम्प्युटरवरचा पिवळा कागद त्याने काढून हातात धरला होता. तो कागद त्याने घडी घालून खिशात ठेवला.

“तर मग,” भिंगरी म्हणाली, “तुमचं काम झालं. आता माझ्याशी गाठ नाही तुमची.”

“एक राहिलंय.”

“काय?”

तो तिच्यासमोरच्या खुर्चीत बसला. पेन्सिल कानामागून काढून बाजूला ठेवली. “भिंगरी, माझं तुझ्यावर...”

तुझ्यावर! आजवर ‘तुम्ही’ म्हणणारा हा माणूस...

“...प्...”

त्याचे ओठ मिटले ते उघडेनात. मानेवरची शीर ताठ झाली. तिला शब्द कळला होता. कोणाला कळला नसता? तिच्या जिभेच्या टोकावर तो येऊन बसला होता. म्हणून टाकावा, त्याची सुटका करावी आणि आपलीही. सोपी वाट त्यालाही होती. ‘मला तू आवडतेस’— एवढं म्हणाला असता तर कुठेच अडखळला नसता. पण तो आडवाटेने जात नव्हता. त्याला तोच शब्द हवा होता.

भिंगरीने हात मांडीवर ठेवले आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुठेही जायचं नव्हतं. घड्याळाचा काटा सरकत होता, पण तिने तो मोजला नाही.

“...प्... प्... प्रेम आहे.”

आणि त्याने टेबलावर पंजा आपटला. धप्प!

आता पाळी तिची होती. भिंगरीने तोंड उघडलं. काही आलं नाही. शब्दांचा सुकाळ असलेली ही मुलगी. हिला गप्प बसवायला शाळेत बाई बाकावर उभी करायच्या. आज तिला एक शब्द सापडेना. डोळे भरले होते, आणि ओठ नुसतेच हलत होते.

तो हसला. ती खळी पडली. “सावकाश,” तो म्हणाला. “मी थांबतो.”

आणि तो थांबला. तिच्या वतीने त्याने एकही अक्षर म्हटलं नाही.

बऱ्याच वेळाने भिंगरीने हात उचलला. टेबलावर त्याचा पंजा अजून तसाच होता. तिने आपला तळहात त्याच्यावर अलगद टेकवला— आवाज न करता.

“झालं?” त्याने विचारलं.

तिने मान हलवली. झालं.